गोजाबाईच्या हातचं मांजर

शेणवे गावात गोजाबाईनं न्हाऊ घातलेलं तान्हं पोर कधी आजारी पडलं नाही, असं निदान गोजाबाई तरी सांगायची. म्हणूनच डिसेंबरात तिची नात मेघा मुंबईहून टोपलीत एक मांजर घेऊन आली. अंगावर नावाला केस नाही. नुकत्या जन्मलेल्या पोरासारखं सुरकुतलेलं.

"जातच अशी आहे, आजी. माझ्या कामावरच्या मॅडमची ती; त्या दोन महिने परदेशी गेल्यात. थंडी लागली तर जगायची नाय ती."

"माझ्या हाताखालून गावची निम्मी पोरं गेलीत. तूबी त्यातलीच. जा निवांत."

दुसऱ्या दिवशी शेजारची हिरी मांजर बघून दारातूनच मागं सरली. "सकाळी सकाळी बोडकीचं तोंड. दिवस फुकट गेला गो."

"विहारात भंतेजींपुढं वाकतेस, तवा त्यांच्या डोक्यावरचे केस मोजतेस काय?" गोजाबाईनं विचारलं.

मग गोजाबाईनं बाळाचं करतात ते सगळं केलं. दोन वेळा खोबरेल चोळलं, शेगडीत निखारे घालून शेक दिला. आठवड्यात मांजराच्या अंगावर काळपट चिकट थर चढला, पुटकुळ्या उठल्या. तिनं तेल वाढवलं. मांजरानं खाणं सोडलं.

तेव्हा मात्र टोपली काखोटीला मारून तिनं शहापूरची एसटी धरली. गुरांच्या डॉक्टरनं मांजर उलटंपालटं करून पाहिलं.

"आजी, हिच्या अंगातूनच तेल सुटतं. टिपायला केस नाहीत. त्यावर आणखी तेल चोळलंय, आणि ही कूस भाजलीय. कुणी केलं हे?"

नातीचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो? गोजाबाईनं पदर सावरला.

"मी. आता काय करायचं ते सांगा. दोनदा सांगू नका, मला एकदात कळतं."

घरी आल्यावर हिरीनं कुंपणावरून विचारलंच, काय म्हणाला डाक्तर?

"तेल चुकलं माझं," गोजाबाई म्हणाली. "ऐकलंस ना? आता गावभर सांग, आणि येताना मऊ फडकं घेऊन ये."

हिरी दोन फडकी घेऊन आली. डॉक्टरनं सांगितल्यासारखं मांजराला आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं धुणं, लगेच कोरडं करणं. नवऱ्याच्या जुन्या फ्लॅनेल सदऱ्याची बाही कापून झबलं झालं. शेगडी माळ्यावर गेली. तिच्या जागी तापवलेली वीट पोत्यात गुंडाळून गोधडीखाली, हाताला सोसेल इतकीच गरम. कुत्री आत येऊ नयेत म्हणून दाराला फळी. भर उन्हात बाहेर सोडणं बंद. पुटकुळ्या सुकल्या. मांजर ताटलीवर तुटून पडू लागलं.

फेब्रुवारीत मेघा त्याला न्यायला आली, त्याच आठवड्यात हिरीला नातू झाला. गोजाबाईला बोलावणं आलं. तिनं पोराला पायांवर घेतल्यावर हिरीनं तेलाची वाटी पुढे सरकवली.

"थांब," गोजाबाई म्हणाली. आधी तिनं पोराच्या पाठीवरून कोरडा हात सावकाश फिरवून कातडीला तेल हवंय का ते पाहिलं.