चुंबकाच्या दाराशी

शुक्रवारची पूजा आटोपून अहल्या नैवेद्याचं ताट उचलायला वळली आणि कडेला ठेवलेली तेलाची वाटी तिच्या मनगटानं कलंडली. आठवड्यात ही तिसरी वस्तू. फडक्यानं तेल टिपता टिपता ती लेकीला हसून म्हणाली, बाजूचं काही दिसतच नाही बघ हल्ली, म्हातारी झाले की काय मी!

श्रीविद्या हसली नाही. आई चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटते, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्याच दुपारी ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे अहल्येला एका यंत्राला डोळा लावून बसवलं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं म्हणून सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला तिला एकही ठिपका दिसला नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, पण डोळ्यांमागे, मेंदूच्या तळाशी काहीतरी वाढतंय आणि ते नसांवर दाब देतंय. एमआरआय याच आठवड्यात करा. दाब वेळेवर काढला तर नजर राहील, गेलेलीसुद्धा थोडी परत येईल. उशीर मात्र करू नका.

श्रीविद्या कोरमंगला भागातल्या एका कंपनीत एमआरआयच्याच यंत्रांवर काम करत होती. एमआरआयच्या नळीत माणसाला बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं. तो वेळ कमी व्हावा, थोडक्या माहितीतून संगणकानं पुरतं चित्र उभं करावं, असली काहीतरी गणितं ती आणि तिचे सोबती सोडवत. घरी कुणी पाहुणा आला की तिचे वडील, त्रिविक्रम, हे कौतुकानं सांगत. बँकेतला अबोल माणूस, पण लेकीचा विषय निघाला की खुलायचा.

स्कॅनला सगळेच गेले. अहल्येच्या सासूबाईसुद्धा. आतल्या दाराशी शिवकुमार नावाचा तंत्रज्ञ उभा होता. अर्ध्या कन्नडात, अर्ध्या हिंदीत त्यानं समजावलं की आत फार मोठं चुंबक आहे, बांगड्या, पिना, जोडवी, गळ्यातली ताळी म्हणजे मंगळसूत्रसुद्धा, अंगावर काही धातू नको. मग अहल्येचा चेहरा बघून आवाज खाली आणत म्हणाला, अम्मा, पुष्कळ बायका त्याऐवजी हळकुंड दोऱ्यात बांधून येतात, ते चालतं.

अहल्येचा हात गळ्याकडे गेला. आदल्या वर्षी त्रिविक्रमच्या छातीत कळ आली होती, हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली होती. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर तिनं हेच काळे मणी मुठीत धरून सकाळ केली होती. माणूस घरी परत आला तो डॉक्टरांमुळे, हे तिला कळत होतं. पण मुठीमुळेही, असं आत कुठेतरी पक्कं बसलं होतं.

सासूबाई पुढे झाल्या. "श्रावणात? वरमहालक्ष्मीचं व्रत तोंडावर आलंय आणि गळ्यातलं उतरवायचं?"

"आजी, हळकुंड बांधू की आधी," श्रीविद्या म्हणाली. "गळा रिकामा नाही राहणार."

"ते गुरुजींच्या हातून बांधायचं असतं, दिवस बघून. तुझं लग्न व्हायचंय अजून, तुला काय ठाऊक?"

अहल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. नीट समोर उभं राहून पाहिलं, कारण बाजूनं तो दिसत नव्हता. त्रिविक्रमनं आईकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"स्वल्प थांबूया," तो म्हणाला. "सण होऊन जाऊ दे."

श्रीविद्यानं आईचा दंड धरला. "आई, डोळे तुझे आहेत. तू सांग."

"यांना काही झालं," अहल्या हळूच म्हणाली, "तर डोळे घेऊन मी काय बघू?"

शिवकुमारनं दार लावून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

वरमहालक्ष्मी झाली. मग गौरी-गणपती, घरात पाहुणे. मग पितृपक्ष, त्यात कसला दोरा बांधायचा! मग नवरात्र तोंडावर आलं, घट बसायचे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, प्रत्येक वेळी ते मायेनंच सांगितलं गेलं. श्रीविद्या भांडली, रडली, आजीशी अबोला धरून बसली. वडिलांसमोर उभी राहिली की ते पेपर वर धरत. लेक कचेरीत मिनिटं वाचवत होती आणि घरी महिने जात होते.

अहल्या मात्र लपवायला शिकली. डब्यांची झाकणं बोटांनी ओळखायची, दाराला आधी हात लावून मग पाऊल टाकायची. रोजची पोथी तिला पाठच होती. ती समोर उघडी ठेवून मुखानं म्हणायची आणि अंदाजानं पान उलटायची, घरच्यांना बरं वाटावं म्हणून.

अष्टमीला आरती चालली असताना तिचं डोकं असं काही ठणकलं की हातातलं तबक खाली आलं. दोन्ही हात पुढे करून तिनं विचारलं, "दिवा कुणी मालवला?"

अखंड दिवा तिच्यासमोर जळत होता.

दवाखान्यात नर्सनं कात्री घेतली आणि गळ्यातली पोत कापली. मुहूर्त कुणी विचारला नाही. ती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्रिविक्रमच्या हातात दिली. तो पिशवी धरून उभा राहिला. त्याला काहीही झालं नाही.

स्कॅन झालं, गाठीत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. नजर आली नाही.

महिन्याभरानं गुरुजी भेटायला आले. हकीकत ऐकून त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. म्हणाले, "मला एक फोन करायचा की हो. मी त्याच दिवशी येऊन दोरा दिला असता. देवीला सवाष्णीचे डोळे का नकोत?" सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या त्या गुरुजी जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. गुरुजींना विचारू, असं त्या घरात सगळे म्हणत राहिले होते. विचारलं कुणीच नव्हतं.

अहल्येनं व्रतं सोडली नाहीत. देवावर तिचा राग नव्हता. देवाचं नाव पुढे करून माणसं काय काय पुढे ढकलतात, ते तिला आता दिसत होतं.

श्रावण पुन्हा आला. गल्लीतल्या प्रणीतचं नवीन लग्न झालेलं. त्याच्या बायकोचा, स्मृतीचा, पाय बधिर पडू लागला होता. पाठीचं एमआरआय सांगितलं होतं. प्रणीतची आई विचारायला आली ती अहल्येलाच, कारण व्रतवैकल्यात तिचा शब्द गल्लीत मानत.

"पहिली मंगळागौर आहे हो अक्का पोरीची. ती झाल्यावर केलं तर चालेल नाही?"

"माझ्याकडे बघा," अहल्या म्हणाली, "आणि मग परत विचारा."

बाईंनी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अहल्येनं स्वतःच्या हातानं, चाचपत, स्मृतीच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधला आणि त्यांच्याबरोबर गेली. त्रिविक्रम तिचा हात धरून होता. आतल्या दाराशी स्मृती अडली. तिची बोटं मंगळसूत्राच्या फाशापाशी थांबली, आणि ती काही न बोलता नवऱ्याकडे बघत राहिली. अहल्येला ते दिसलं नाही, पण ती शांतता तिनं ओळखली.

शेजारून त्रिविक्रमचा आवाज आला, घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा. "प्रणीत, तू सांग तिला काढ म्हणून. तुझ्याच तोंडून ऐकायचंय तिला."

अहल्येनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला नाही. फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं. गेल्या श्रावणात, याच दाराशी, तिला एवढंच ऐकायचं होतं.