प्लास्टिकमधल्या बारा ढाली

मित्रांनो, मी एक कागद आहे, आणि वय म्हणाल तर साडेतीनशेच्या वर. युरोपातल्या एका शहरात चिंध्यांच्या लगद्यातून माझा जन्म झाला. एका कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर सरदार घराण्यांच्या बारा ढाली कोरल्या, खाचांत शाई भरली आणि मला ओलसर करून त्यावर असे दाबले, की माझा जीव मेटाकुटीला आला. कुणाच्या ढालीवर सिंह, कुणाच्या बुरूज, एकाच्या तर नुसते तीन मासे. तीन माशांचा केवढा तो रुबाब.

शाई फक्त काळी होती. मग रंग दाखवायचे कसे? आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी. जाणकार लोक माझ्याकडे बघून रंग वाचत. त्या रेघा माझ्या अंगावर किंचित उठून आल्या होत्या. तेच माझे खरे वैभव होते.

पुढे एका जाड ग्रंथात शिवला जाऊन मी पाद्र्याच्या पेटीतून नागपुरात आलो. कॉलेजच्या ग्रंथालयात कित्येक वर्षे मला कुणी उघडलेसुद्धा नाही. शेवटी ग्रंथ मोडकळीला येऊन रद्दीत निघाला, तेव्हा ग्रंथपाल महादेवरावांनी मला तेवढे वाचवले आणि हुडकेश्वरच्या आपल्या मित्राला दिले. "वामनराव, हे बहुत जुनं आहे. जपून ठेवजा," ते म्हणाले. कसे जपायचे, हे सांगायचे राहून गेले. रेघांची गंमत मात्र त्यांनी वामनरावांच्या नातीला, आठ वर्षांच्या उन्नतीला, शिकवली.

उन्नती हात धुऊन, कोरडे करून मला टेबलावर ठेवायची, डोळे मिटायची आणि बोट फिरवायची. "आबाजी, ह्या आडव्या लागून राहिल्या. निळा." वामनराव वाकून बघत आणि म्हणत, "बरोबर आहे वं." साऱ्या सरदारांनी मिळून केले नसेल एवढे माझे कौतुक त्या बोटाने केले.

वामनराव भला माणूस. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला असताना क्वार्टरमध्ये वाळवीने त्यांची मॅट्रिकची सनद खाल्ली, तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला. सातबारा, मार्कशीट, स्वतःची लग्नपत्रिका, इतकेच काय, बायकोच्या, जिजाबाईंच्या, चष्म्याच्या नंबराची चिठ्ठीसुद्धा त्यांनी लॅमिनेट करून आणलेली. जो कागद आवडला, त्याला प्लास्टिक चढलेच म्हणून समजा.

एका सकाळी उन्नती शाळेत गेली आणि त्यांनी मला फाइलीत घातले. जिजाबाईंनी विचारलेही, "पोरीले विचारलं काय?"

"तिलेच सरप्राइज देऊन राहिलो," ते म्हणाले.

मला ओरडायचे होते. पण माझ्या अंगावर सिंह छापलेला असला, तरी तोही मुकाच. लॅमिनेशनच्या दुकानातल्या गरम रुळांनी मला आत ओढले. प्लास्टिक वितळून माझ्या अंगाला असे चिकटले, की आता ते सोलायचे तर माझी कातडीच निघेल.

मित्रांनो, मी वामनरावांवर रागावलेलो नाही. रागावून करणार काय? त्यांनी मला जपलेच. तुम्हीही काही जपायला घ्याल, तेव्हा आधी एखाद्या जाणत्याला विचारा, एवढेच माझे मागणे. आमच्यासारख्यांना नको म्हणता येत नाही.

संध्याकाळी वामनरावांनी मला टेबलावर ठेवले. "पाह्य वं उन्नती, आता याले वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही. लाव बोट."

उन्नतीचा चेहरा उतरला. पण आजोबांचा केवढा उजळला होता. डोळे मिटून तिने माशांच्या ढालीवर बोट ठेवले. ते घसरत गेले. आडवे नाही, उभे नाही, काहीच नाही.

"सांग, कोणता रंग?" वामनरावांनी विचारले.

तिने एक डोळा किंचित उघडून माझ्याकडे पाहिले. ते फक्त मला दिसले.

"निळा," ती म्हणाली.

"बरोबर आहे वं," वामनराव म्हणाले.