न दिसणारी जाऊ

आमच्या मालिकेतलं अवकाशयान थर्माकोलचं होतं. ते एक वेळ चालतं, लोक थर्माकोलवरही विश्वास ठेवतात. माझ्यावर कुणी ठेवत नव्हतं, हे खरं दुखणं. मी त्या यानाची कॅप्टन. सहा भाग झाले आणि लोक गंभीर प्रसंगांना फिदीफिदी हसत होते. चॅनेलने सांगून टाकलं, सातवा चालला नाही तर गाशा गुंडाळा.

यानाचा संगणक बोलतो, आणि त्याचा आवाज माझ्या धाकट्या जावेचा. तिला तिथे मीच चिकटवलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात फोन घेते, बोलणं बरं आहे, आणि नुसता आवाज द्यायचा म्हणजे चेहरा दिसायचा प्रश्न नाही. एवढा विचार मी केला होता, खोटं कशाला बोलू? ती नंतर सवडीने स्टुडिओत जाऊन वाक्यं म्हणून यायची. चित्रीकरणाच्या वेळी मात्र ती वाक्यं आमचा सहायक दिग्दर्शक कागदावरून वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचावा तशी. त्याला जांभई यायची, मग मलाही यायची.

सातव्या भागात यानाची वीज संपत येते. प्रवाशांना हवा पुरवायची तर कॅप्टनने संगणक बंद करायचा, कायमचा. दिग्दर्शक म्हणाला, "या प्रसंगाला मला ती सेटवरच हवी."

"कशाला बिचारीची रजा वाया घालवता?" मी म्हटलं. पण ऐकतोय कोण!

आली. केसांना चिमटा, पायात घरातल्या चपला. तिला यानाच्या भिंतीमागे स्टुलावर बसवलं. मी हुकूम दिला. तिचं वाक्य होतं, "आज्ञा, कॅप्टन." ती बोललीच नाही. मला वाटलं, विसरली बया! बरं झालं, जिरली एकदाची. तेवढ्यात भिंतीमागून आवाज आला, "आधी दिवे घालवते. म्हणजे मी बंद होताना तुम्हाला दिसणार नाही."

अहो, काय सांगू! हा तिचा घरातलाच सूर. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाली होती, "ताई, तुम्ही बसा, मी आत जाऊन बघते," तोच. मला पुढचं वाक्य आठवेना. बटणावर हात ठेवून मी भिंतीकडे बघत राहिले आणि डोळे आपले घळाघळा. दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला. दिवेवाला पाठ फिरवून नाक शिंकरत होता.

तो भाग लागला आणि इतके दिवस ढकलून ढकलून चालवलेली गाडी एकदाची रस्त्याला लागली. आपण काय लिहितोय ते लेखकालासुद्धा त्या दिवशी कळलं म्हणे. चॅनेलने मुदत वाढवली. सगळं झालं, पण कौतुक कुणाचं? डोळे माझे, पाणी माझं, नाक लाल झालं ते माझं, आणि वाहवा जी दिसलीच नाही तिची! दुकानदाराने मला ओळखलं आणि विचारलं काय, तर "त्या आवाजवाल्या तुमच्याच घरातल्या ना?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "धाकटी किती गोड बोलली गं!" मी शेजारीच बसले होते. नवऱ्याच्या ते लक्षात आलं, तर तो घाईघाईने म्हणाला, "तूही छान रडलीस हं." उपकारच केले!

माझा नुसता जळफळाट होत होता. त्यात लेखक म्हणायला लागला, संगणक पुन्हा सुरू करू, प्रेक्षकांना ती हवीय. मी तडक दिग्दर्शकाकडे गेले. "मेलेल्याला उठवलंत तर लोक पुन्हा हसतील. मग त्या निरोपाला काय अर्थ राहिला?" मुद्दा बिनतोड होता. त्याला पटला. घरी येताना मी गाणं गुणगुणत होते.

आठव्या भागात कॅप्टन रिकाम्या यानात त्या बंद पडद्याशी बोलते. पानभर बोलणं, आणि सगळं माझ्या एकटीचं! मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि आतून तीच जुनी लाकडाची बाई बाहेर आली. टेकवर टेक झाले. मी रडले, ओरडले, कुजबुजले. दिवेवाला मोबाइल बघत बसला. शेवटी दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या एकदा बघू. नाहीच जमलं तर कॅप्टनला यानातच कायमची झोपवू आणि हा प्रसंग यानाच्या इंजिनिअरला देऊ."

घरी आले तर धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. मी समोरची दोन टोकं धरली.

"दिग्दर्शकांचा फोन होता," ती म्हणाली. "मला परत आणू नका, असं तुम्हीच सांगितलंत म्हणे."

हातात चादर. पळणार कुठे? "हो, मीच सांगितलं. जळते मी तुझ्यावर. झालं समाधान?"

"ते मला माहितेय, ताई."

"उद्या सेटवर येशील? बोलू नकोस, काही नको. नुसती भिंतीमागे बस. माझं काम जातंय गं."

ती घडी घालत जवळ आली आणि तिची टोकं तिने माझ्या हातात दिली. "नुसती नाही बसणार. मला परत सुरू करा म्हणून तुम्ही स्वतः त्यांना सांगा." थोडी थांबली. "मलाही आवडलंय ते काम."

मेलीने हेसुद्धा काय म्हटलं! नेमकी कुठे थांबली, आवाज कुठे खाली आणला! मी मेले तरी मला तसं जमायचं नाही. जळत तर मी होतेच, आणि तरी तिने अजून काहीतरी बोलावं असं वाटत होतं.

"सांगते," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द. पण तो इतका खरा उतरला की माझी मीच चपापले. आणि तो ऐकायला तिच्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं.