मुठीचं माप

"मुद्दाम आवळू नका. नेहमी धरता तसं धरा," मिस्त्री म्हणाला. जावयाने बोटं सैल सोडली आणि पुन्हा धरली.

छऱ्याच्या बंदुकीला नवा दस्ता बसत होता. शिसवाचा, अजून पॉलिश न लागलेला. मागचं टोक जावयाच्या खांद्यात चपखल बसलं, गाल वरच्या फुगवट्यावर टेकला आणि डोळा आपोआप नळीच्या रेषेत आला. फक्त करंगळी बसेना. ती लहानपणी मोडली होती आणि जुळताना वाकडीच जुळली, त्यामुळे बाकीच्या तीन बोटांशी फटकून ती अर्धा इंच खाली लोंबायची.

जुना दस्ता गाडीवरून पडून मोडला, असं जावई म्हणाला होता. बाजारात तयार मिळतात, पण सासरा नावाजलेला सुतार असताना जावयाने बाजारचा दस्ता लावायचा म्हणजे काय? मिस्त्रीने मातीचा ओला गोळा त्याच्या मुठीत दाबून घेतला, ठसा उन्हात वाळवला आणि त्याबरहुकूम बारा दिवस लाकूड कोरलं. दुसरी गिऱ्हाइकं बोंबलत राहिली. त्या हाताचं पेर न पेर आता त्याला पाठ होतं.

"बघू तरी," म्हणत जावयाने छर्रा भरला. मागच्या भिंतीवर एक कबुतर बसलं होतं. चाप ओढल्याचा आवाज टाळी वाजवल्याएवढाच आला. कबुतर अंगणात पडलं आणि एका पंखाने गरगर फिरायला लागलं. जावई गेला, त्याच्यावर बूट ठेवला आणि पाय घासत परत आला.

"मानला तुम्हाला, मामा. जरासुद्धा हलली नाही."

"हलेल कशी? नेम दस्त्यात असतो," मिस्त्री म्हणाला. छाती फुगली होती त्याची, खोटं कशाला बोला.

"करंगळी तेवढी अवघडते."

"ती आत्ता करून देतो."

"द्या. म्हणजे बंदूकही नेतो आणि हिलाही. चार दिवस झाले की, पुरे झाला आराम."

लेक चहा घेऊन आली. चार दिवसांत ती धड दहा वाक्यं बोलली नव्हती. दमलेय म्हणाली, तर मिस्त्रीने ते खरं धरलं होतं. बाकावर भुसा, पटाश्या, रंधा, नुसता पसारा. कप ठेवायला तिने हात लांब केला आणि लांब बाही दंडापर्यंत वर सरकली.

निळे पडलेले चार डाग. तीन एका ओळीत, चिकटून. चौथा फटकून, अर्धा इंच खाली.

तिने बाही ओढली आणि बॅग भरायला आत गेली. मिस्त्रीने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. ठसा शेजारीच फळीवर होता, पण त्याच्याकडे बघायची गरज काय? डोळे मिटून सांगितलं असतं त्याने, तो हात कुणाचा ते. तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र त्याने लोण्यासारखा ठेवला.

"जावईबापू, हात हलतो तुमचा. असा इथे ठेवा, करंगळीचा कोन परत घेतो."

बाकाला लोखंडी शिकंजा ठोकलेला होता, लाकूड पकडायचा. जावयाने डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि उजवा हात बिनघोर त्या जबड्यात ठेवला. मिस्त्रीने दांडा फिरवला. एक फेरा, दुसरा, तिसरा.

"मामा, लागतंय."

"दस्ता कशावर मोडला?"

"सांगितलं ना, गाडीवरून..."

मिस्त्रीने अर्धा फेरा दिला. कप खाली पडून फुटला. जावई गुडघ्यांवर आला, मोकळ्या हाताने दांडा धरायला गेला, तेव्हा मिस्त्रीने कानशिलात अशी ठेवून दिली की त्याचं डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली आणि रक्त भुशात गळायला लागलं.

"शिसव कापतो मी, चाळीस वर्षं. पडून दस्ता असा उभा चिरत नाही. कशावर?"

"दारावर."

"दारामागे कोण होतं?"

जावई नुसता हुंदके देत होता. पाव फेरा.

"ती! तिने आतून कडी लावून घेतली होती. सोडा मामा, पाया पडतो."

मिस्त्रीने अजून पाव फेरा दिला. करंगळी पुन्हा मोडली, वाळकी काटकी मोडावी तशी. जावई गुरासारखा ओरडला. खरं सांगायचं तर मिस्त्रीला बरं वाटलं, फार बरं वाटलं. बारा दिवस त्या हाताचे लाड केल्याचं उट्टं निघत होतं.

ओरडणं ऐकून लेक बॅगेसकट धावत आली आणि दारातच थबकली.

"ये," मिस्त्री धापा टाकत म्हणाला. "सांग, अजून किती फेरे देऊ? तू म्हणशील तेवढे देतो."

तिने नवऱ्याच्या हाताकडे एकदा पाहिलं. मग ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि बघता बघता दोन पावलं मागे सरकली.

"सोडा त्याला."

"अगं, याने तुला..."

"सोडा म्हटलं ना, बाबा."

दांडा उलटा फिरला. जावयाने हात काढून पोटाशी धरला आणि तो तिथेच भिंतीला टेकून बसला.

"तुझ्यासाठीच केलं ना हे?" मिस्त्री म्हणाला. आवाज उगाच चढला होता त्याचा. "बापाच्या डोळ्यांदेखत लेकीच्या दंडावर डाग, आणि बापाने काय चहा पीत बसायचं?"

"आईच्या दंडावरही असायचे. असेच, चार आणि मागे अंगठा. ती बाही ओढून घ्यायची. मी तिचंच बघून शिकले."

"ते वेगळं होतं."

"हो. तुमचा हात मोठा आहे."

हात कुठे ठेवावे ते मिस्त्रीला कळेना. शेवटी त्याने ते मागे नेले.

लेकीने पर्समधून दोन किल्ल्या काढल्या, एक नवऱ्याच्या घराची, एक या घराची. दोन्ही बाकावर ठेवल्या.

"माझी राहायची सोय झालीय. कुठे ते तुम्हाला दोघांनाही सांगणार नाही."

"बस तरी जरा. अशी अर्ध्यातून..." मिस्त्री म्हणाला. पण ती फुटलेल्या कपाच्या तुकड्यांवरून पाय वाचवत, बॅग छातीशी धरून निघालीसुद्धा. अंगणातून जाताना तिने मेलेल्या कबुतराला वळसा घातला. फाटकाची कडी तिने बाहेरून लावली.

कारखान्यात दोघंच उरले. मग मिस्त्रीने फडकं ओलं केलं, गुडघे मोडून जावयासमोर बसला, त्याचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला आणि गुंडाळायला लागला. जावयाने हात काढून घेतला नाही.

"येईल ना ती, मामा?" जावयाने विचारलं.

"येईल," मिस्त्री फडक्याची गाठ मारत म्हणाला. "हिची आई दर वेळी यायची."