पोटातला पांढरा ठिपका

मी एक वीट बोलतेय. भिंतीतली नाही, भट्टीतलीही नाही. प्लास्टिकची, लाल, काडेपेटीहून लहान. डोक्यावर आठ बटणं, पोटात तीन नळ्या. एकीची बटणं दुसरीच्या पोटात नीट बसली की ‘टक’ असा आवाज होतो. त्या आवाजासाठीच आमचा जन्म. याखेरीज आम्हाला काही येत नाही.

माझ्या मालकिणीला सगळे ताई म्हणतात. लांबच्या शहरात शिकून ती घरी परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं की इथंही आपल्यासारखी वेडी माणसं असतीलच. मधोमध एक टेबल असेल, टेबलावर ढीग असेल, ज्याला जी हवी ती वीट तो उचलेल आणि बघता बघता काहीतरी उभं राहील. वेडी माणसं भेटली, नाही असं नाही. पण ढीग नव्हता. डबे होते, आणि प्रत्येक डब्याला कुलूप होतं.

ढिगाचं वेड तिला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे, कारण मी त्याच ढिगातली. ती शिकायची त्या इमारतीच्या तळघरात एक लांबलचक टेबल होतं. संध्याकाळी तिथं पाळी संपवून आलेली परिचारिका यायची, बसचालक यायचा, केस पांढरे झालेले प्राध्यापक यायचे. कुणी कुणाचं नाव विचारत नसे, आणि वीट कुणाची हे तर कुणाच्या मनातही येत नसे. मी तिथं चिमणी झाले, मगरीचा जबडा झाले, एकदा तर नुसती पायरी झाले. पायरी होण्यातही मोठं सुख असतं, वरचा सगळा जिना आपल्यावर असतो.

त्या टेबलाची एक रीत होती. कायमचं निघालेल्या माणसानं मूठभर विटा सोबत न्यायच्या आणि जिथं जाईल तिथं नवा ढीग घालायचा. ताईनं मूठ भरली, तिच्यात मी आले.

घरी बॅग उघडली तेव्हा तिचे बाबा शेजारी उभे होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे ते प्रत्येक गोष्ट आधी लांबून आणि मग जवळून बघतात. मला त्यांनी दोन्हीकडून बघितलं.

“एवढी शिकून आलीस आणि आणलंस काय, तर ठोकळे?”

“बाबा, विटा आहेत त्या.”

“बरं, विटा. घर बांधतेस का?”

“माणसं जोडायचीत.”

“मग फेविकॉल आणायचास,” असं म्हणून ते दुकानात गेले.

ताई हसली, पण ऐकणार थोडीच. तिनं वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना गाठलं. मागच्या बाजूला एक खोली जुन्या वर्तमानपत्रांनी भरून पडली होती. ती ताईनं स्वतः झाडली, टेबल टाकलं, दारावर कागद लावला: ‘मोठ्या माणसांनी खेळायला यावं. विटा असतील तर आणाव्यात, नसतील तर आमच्या आहेत.’ आणि आम्हाला टेबलाच्या मधोमध ओतून ती दाराकडे डोळे लावून बसली.

पहिले आले ते डॉक्टर. भूल देणारे. त्यांच्याकडे संचच्या संच होते, पण सगळे खोक्यात बंद. एक खोकं त्यांनी दोन्ही हातांनी, तान्हं मूल द्यावं तसं टेबलावर ठेवलं.

“कोपरे बघा ताई. एकही दबलेला नाही.”

“सुंदर आहे. उघडायचं कधी?”

“उघडायचं?” डॉक्टरांचा चेहराच उतरला. “अहो, उघडलं की संपलं.”

मग भूमितीचे सर आले. ते खोकं उघडायचे, पण सोबतच्या पुस्तिकेबाहेर एक बटणही हलवायचे नाहीत. एकदा उभं केलेलं जहाज त्यांनी पुन्हा कधी मोडलं नव्हतं. “सिद्ध झालेलं प्रमेय पुन्हा कशाला खोडायचं?” असं त्यांचं म्हणणं. आणि मग ब्यूटी पार्लरवाल्या वहिनी आल्या. संचात आमच्यासोबत प्लास्टिकची चिमुकली माणसं येतात, त्यांचे काढता-घालता येणारे फक्त केस त्या जमवायच्या. वेण्या, अंबाडे, कुरळे, टोपीतून डोकावणारे. “खऱ्या डोक्यांवर गिऱ्हाइकं मनासारखं करू देत नाहीत हो,” त्या म्हणायच्या. “इथं कुणी कुरकुर करत नाही.”

माणसं गोड होती, हे मला मान्य करायलाच हवं. दर रविवारी यायची, आपापला डबा उघडायची, दाखवायची, कौतुक करून घ्यायची आणि कुलूप लावून निघून जायची. आम्ही मधोमध तसेच पडून. सरांना एकदा अगदी माझ्यासारखीच लाल वीट हवी होती. हात माझ्यापर्यंत आला आणि थबकला.

“घ्या ना सर,” ताई म्हणाली.

“नको नको, तुमची आहे. कुठं हरवली तर जिवाला लागून राहील.”

“हरवू दे की.”

“असं कसं?” सर म्हणाले, आणि ती एक वीट आणायला उठून घरी गेले.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. आम्हाला नको म्हणणारा माणूस एक वेळ परवडला. हा सभ्यपणा परवडत नाही. त्याच्याशी भांडताच येत नाही.

असेच रविवार गेले. एके दिवशी ग्रंथपाल बाई खोलीत आल्या आणि दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, समिती विचारतेय. मोठी माणसं आपापले डबे घेऊन बसतात, तर घरीच का बसत नाहीत? झेरॉक्सचं मशीन ठेवायला जागा हवीय त्यांना.”

“मग?”

“वार्षिक सभेला सगळे सभासद येतात. तेव्हा सगळ्यांनी मिळून केलेलं काहीतरी दाखव. एकट्या एकट्यानं केलेलं नको, मिळून केलेलं. म्हणजे मला भांडायला तोंड राहील.”

आता खोली राहणार की जाणार, ते यावर होतं. ताईचे डोळे चमकले. तिला वाटलं, देवच पावला. टेबलापासून खिडकीपर्यंत एक पूल बांधायचा असं तिनं ठरवलं. मधे खांब नाही, नुसती कमान. इतक्या विटा एकाकडे नव्हत्याच, त्यामुळे सगळ्यांच्या लागणार होत्या.

पुलाची कल्पना सगळ्यांना आवडली. सरांनी कमानीचं गणित मांडलं. डॉक्टरांनी चक्क नव्या विकत घेतलेल्या सुट्या विटांचा एक डबा आणला. आणि तो उलटा करायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“मिसळल्या तर परत कशा ओळखायच्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोजून घेऊ,” सर म्हणाले.

“मोजून संख्या येईल हो, वीट तीच येईल का? माझ्या सगळ्या नव्या आहेत.”

“म्हणजे आमच्या जुन्या?” वहिनींनी भुवई उचलली. ती स्वतःच कोरलेली असल्यामुळे बरीच उंच गेली. मग त्यांनी पर्स उघडली आणि नेलपॉलिशच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. “भांडू नका. प्रत्येकाचा एक रंग. विटेच्या पोटात ठिपका द्यायचा, बाहेरून दिसायचंही नाही. काम झालं की ज्याच्या त्याच्या विटा ज्याला त्याला.”

ताईनं मला मुठीत घट्ट धरलं. तिला ते आवडलं नव्हतं, मला तिच्या बोटांवरून कळलं. पण तिनं मान हलवली. मिसळायला तयार झाले हेच खूप, असं तिला वाटलं असणार. डॉक्टरांना निळा मिळाला, सरांना हिरवा, वहिनींनी स्वतःला जांभळा घेतला. ताईच्या वाट्याला पांढरा आला.

मला उताणं केलं. गार कुंचला पोटात फिरला. तळघरातल्या त्या टेबलावर मी कुणाचीच नव्हते, आणि कधी एकटीही नव्हते. आता मी कुणाची तरी होते.

पुढं जे झालं ते त्या खोलीत फक्त आम्हा विटांना कळत होतं. ठिपका वाळला तरी त्याचा थर उरतो. केसाइतकाच, पण आमची पकड त्याहून बारीक फरकावर चालते. खालच्या विटेची बटणं माझ्या पोटात शिरली, त्या थराला टेकली आणि तिथंच थांबली. मी बसले, पण पूर्ण बसले नाही. वरून पाहणाऱ्याला आम्ही घट्ट वाटत होतो. माझ्या शेजारणीची तीच कथा, तिच्या शेजारणीचीही तीच. कमान चढत गेली आणि ‘टक’ असा आवाज एकदाही आला नाही.

तो आवाज ओळखणारी त्या खोलीत एकच होती. ताईनं एकदा मान तिरकी करून ऐकलंसुद्धा. पण तेवढ्यात सर आणि डॉक्टर चक्क विनोद करायला लागले होते, वहिनी दोघांना चहा ओतत होत्या, आणि निळ्या ठिपक्याची वीट हिरव्या ठिपक्याच्या विटेवर चढत होती. इतके दिवस जे बघायला ती तळमळली ते डोळ्यांसमोर घडत होतं. कोण कशाला कान देईल? मी माझ्या परीनं दाबून धरत होते. प्लास्टिकची धडपड कुणाला ऐकू येत नाही.

सभेचा दिवस आला. खोली माणसांनी भरली. ताईचे बाबाही दुकान बंद करून आले होते. पूल टेबलापासून खिडकीपर्यंत गेला होता आणि खरंच देखणा दिसत होता. समितीचे अध्यक्ष वाकून बघून म्हणाले, “झकास. आता वरून काहीतरी जाऊ द्या. पूल म्हणजे काय शोभेला असतो?”

आणि तेव्हा डॉक्टरांनी जे केलं ते कुणी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. कोपरे न दबलेलं. त्याची चिकटपट्टी त्यांनी सगळ्यांदेखत नखानं कापली. आतली बस त्यांनी तिथंच उभ्या उभ्या जोडली. वहिनी पुटपुटल्या, “अगं बाई, डॉक्टरांनी फोडलं.” ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बस पुलावर चढली. कमानीच्या माथ्यापर्यंत आली. मी माथ्यापासून जवळच होते. माझ्या खालची वीट सरकली, मी तिला धरायला गेले, आणि धरायला माझ्यापाशी पकडच नव्हती. आम्ही मोडलो नाही. आम्ही नुसत्या सुटलो. सगळ्याच्या सगळ्या.

पडण्याचं मला काही वाटलं नाही. आम्ही मोडण्यासाठीच असतो, पुन्हा जोडता येतो म्हणून. मला वाटलं ते त्यानंतरचं. लगेच सगळे गुडघ्यांवर आले. मला वाटलं, पूल पुन्हा उभा करताहेत. पण प्रत्येकजण वीट उचलून उताणी करून पोट बघत होता.

“निळी. ही माझी.”

“ही जांभळी कुणाकडे गेली? द्या इकडं.”

“सर, ती हिरवी नाही, निळीच आहे. चष्मा लावा.”

“चष्मा लावलाय. हिरवी आहे.”

डॉक्टरांची बस कपाटाखाली गेली होती. तिला काढायला कुणी वाकलं नाही. स्वतः डॉक्टरही निळे ठिपके शोधत होते.

अध्यक्ष हसायला लागले. “पूल पडला, पण मालकी शाबूत आहे हो.” सगळी खोली हसली. त्या हसण्यातच झेरॉक्सच्या मशीनची जागा पक्की झाली. ग्रंथपाल बाईंनी ताईच्या पाठीवर हात ठेवला. भांडायला त्यांच्यापाशी तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. खिडकीतून ऊन येत होतं. खोलीत मागे राहिलेल्या विटा तिनं घरी आणल्या होत्या, त्या ठिपक्यांच्या रंगाप्रमाणे निवडल्या. निळ्या एका डब्यात, हिरव्या दुसऱ्यात, जांभळ्या वहिनींनीच दिलेल्या पिशवीत. एकही चुकवली नाही. ज्याचं त्याला द्यायचं म्हणजे द्यायचं. टेबलावर पांढऱ्या ठिपक्याच्या आम्ही तेवढ्या उरलो.

तिनं मला उचललं, उताणं केलं आणि दुसऱ्या एका विटेची बटणं माझ्या पोटात दाबून बघितली. बटणं जिथं अडत होती ती जागा तिच्या बोटांना कळली. मग उठून तिनं लाकडी दातकोरणी आणली आणि ठिपका खरवडायला लागली.

बाबा दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघाले होते. ते थांबले. आधी लांबून बघितलं, मग जवळून.

“काय चाललंय?”

“पुसतेय.”

“नेलपॉलिश काढायचं औषध मिळतं की.”

“त्यानं यांचं अंगच विरघळेल. असंच काढायला हवं.”

“एवढ्या सगळ्यांचं? दिवस जाईल.”

“जाऊ दे.”

“आणि यांचं पुढं करणार काय? खोली तर गेली.”

“तुमच्या दुकानात काचा तयार होईपर्यंत लोक बाकावर बसून राहतात ना? त्यांच्यापुढं ओतणार. कुणी काही करेल, कुणी खिशात घालून नेईल.”

“नेईल म्हणजे नेईलच. मी चष्मा पुसायची फडकी ठेवतो, तीसुद्धा राहत नाहीत.” बाबांनी टेबलावरच्या पांढऱ्या तुकड्यांकडे बघितलं. “हे पुसलंस तर तुझ्या विटा तुला तरी ओळखू येतील का?”

तुम्ही कधी डोळे तपासायला गेलात आणि बाकासमोर पोटात ओरखडा असलेली एखादी लाल वीट दिसली, तर इकडेतिकडे बघू नका. कुणाची म्हणून विचारू नका. हात लावा. बाकीचं मी बघून घेईन.

ताईनं शेवटचा पापुद्रा नखानं उडवला, मला दुसरीवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. टक.

“नाही येणार, बाबा,” ती म्हणाली. “ओळखायच्याच नाहीत, असं ठरवलंय मी.”