हिरव्या प्रकाशाचं कोटिंग

वर्कशॉपमध्ये लेझरने धातूवर अक्षरं कोरायचं काम चाले. भिंगं थोरल्या बहिणीने निवडायची आणि मशीन धाकट्या भावाने चालवायचं, अशी वाटणी होती. एका सकाळी मशीनचं नवंकोरं भिंग मधोमध जळलं. काळा डाग पाहताच ताईचा पारा चढला.

"बोट लावलं असशील काचेला! बोटाचा तेलकटपणा लागला की भिंग जळतं, किती वेळा सांगायचं तुला?"

सगळ्या कारागिरांसमोर तिने त्याची बिनपाण्याने केली.

दुपारी तिने दुसऱ्या भिंगासाठी दुकानदाराला फोन लावला.

"तुमचा लेझर इन्फ्रारेड ना?" त्याने विचारलं. "मग मागच्या खेपेला भिंगावर हिरव्या प्रकाशाचं कोटिंग का मागवलंत? तो थर इन्फ्रारेड शोषून तापतो, तुमच्याकडे जळणारच."

निवड ताईचीच होती, घाईगडबडीत केलेली. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? तेवढ्यात तिला नळापाशी भाऊ दिसला. तो साबणाने पुन्हा पुन्हा बोटं घासत होता.

ती तशीच उठून मशीनपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी आहे. कोटिंग मीच चुकीचं मागवलं. ह्याचं बोट लागलंच नव्हतं."

कारागिरांनी कामातून डोकी वर काढली नाहीत. भाऊ मात्र हात पुसत मोकळं हसला.

"सुटलो बुवा! मला वाटलं, ताई म्हणतेय म्हणजे लागलंच असेल."

तो चिडला असता तर तिला सोसलं असतं. आता त्याच्याकडे बघायचाही तिला धीर होईना.