न कापलेल्या पानांतली कविता

माझे काका प्राचीन रोमन प्रेमकवितांच्या जुन्या आवृत्त्या जमवतात, आणि त्यांना लॅटिनचं ओ की ठो कळत नाही. चेष्टा नाही, कौतुकच करतेय. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने स्वतःला वाचता न येणाऱ्या पुस्तकांनी दोन कपाटं भरायची, याला हिंमत लागते.

त्यातलं सगळ्यांत लाडकं पुस्तक दोनशे वर्षांचं. तेव्हा मोठा छापील कागद घड्या घालून तसाच शिवायचे, आणि कडा ज्याने त्याने घरी सुरीने कापायच्या. काकांच्या प्रतीच्या कडा अजून जोडलेल्याच आहेत. म्हणजे दोनशे वर्षांत ते कुणीच वाचलेलं नाही. म्हणून तर ते अनमोल.

त्या रविवारी संग्राहक मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस घरी आले. सदस्यत्वासाठी काका अकरा वर्षं अर्ज करत होते, तो पहिल्यांदाच इथवर पोचला होता. मंडळाचे नियम दोनच: प्रत न कापलेली हवी, आणि तिच्यातली एक कविता वाचून दाखवायची. दोन्ही एकदम कसं जमायचं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे पाठ केलेलं काहीबाही म्हणून सुटले होते.

काकांनी वाचन माझ्यावर सोपवलं, कारण मी यंदा शाळेत लॅटिन घेतलंय आणि वर्गात पहिली आहे. वर्गात आम्ही तिघी आहोत, पण पहिली ती पहिलीच.

मी पांढरे हातमोजे चढवले, पुस्तक उभं धरलं आणि जोडलेल्या पानांच्या फटीत एक डोळा घालून अर्थ सांगू लागले.

"तो म्हणतोय, बाहेर कडाक्याची थंडी आहे. मी तुझ्या दाराशी बसलोय. तुझा कुत्रासुद्धा आता मला ओळखतो. कडी काढ, नाहीतर..."

"नाहीतर काय?" कॉफी घेऊन आलेल्या काकूने विचारलं.

"पुढचं घडीत अडकलंय."

"अप्रतिम," अध्यक्ष म्हणाले. "अपुरेपणातच खरं सौंदर्य."

"तुमच्यासाठी असेल," काकू म्हणाली. "इतकी वर्षं माझं कपाट अडवून बसलाय तो. तिने त्याला घरात घेतलं की नाही, एवढं तरी कळू दे."

"वहिनी, एक कड जरी कापली, तरी आम्हाला उठावं लागेल," चिटणीस म्हणाले.

काकूने आतून सुरी आणली आणि काकांपुढे ठेवली. "पुस्तक तुमचं आहे. बघा बाई."

काकांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "कडाक्याची थंडी म्हणतोय?"

"हो, काका."

त्यांनी सुरी उचलली. दोनशे वर्षांचा कागद कुरकुरत उघडला.

अध्यक्षांनी अर्जावर आडवी रेघ मारली, टोपी घातली आणि चिटणीसांना घेऊन निघाले. उंबऱ्यावर दोघंही थांबले.

"वाच तू," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही गेलोच समज."

मी वाचलं. ती कडी काढतच नाही. पहाटे कुत्रा मात्र त्याच्या मांडीवर झोपलेला असतो.

चिटणीसांनी नाक पुसलं.

"बाई हुशार होती," काकू म्हणाली.

काकांनी तोवर सुरी पुढच्या घडीत सरकवली होती.

"हा कोण आहे बघ गं," ते म्हणाले, "आणि याला तरी घरात घेतात का सांग."